गुरुवारची एकादशी

"राणीचा महाल बाहेरून बघितला तरी चालतो," मी कावेरीला म्हणालो आणि मनगटावरचं घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. "बारा वाजून दहा झाले. बडाबाजारातली पंगत दीडला उठते."

"अहो, एवढ्या लांब आलोय, आत डोकावू तरी."

"डोकावलं की तास गेला. दुपारचं चुकलं की संध्याकाळी सातपर्यंत उपाशी. वहीत सगळं मांडलंय."

कावेरी फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसली. दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून तिनं व्हिक्टोरिया राणीच्या त्या पांढऱ्याशुभ्र घुमटाकडं बघून घेतलं आणि म्हणाली, "कलकत्त्यात काय बघितलंस म्हणून कराडात कुणी विचारलं, तर सांगीन, दोन खानावळी बघितल्या. एक जवळची, एक लांबची."

बोलणं टोचरं होतं, पण खोटं नव्हतं. बावीस वर्षं झाली या गोष्टीला. त्या वर्षी मी एस.टी.तून निवृत्त झालो होतो. सगळी नोकरी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कोणती गाडी कुठल्या फलाटाला, किती वाजता सुटायची, हे मी ठरवायचो. असा माणूस सहलीला निघाला की काय होतं, ते कावेरीला विचारा. तीन महिने आधीच मी दोनशे पानी वही घातली होती. डाव्या पानावर ‘भोजन’, उजव्या पानावर ‘वाहन’. बघायच्या ठिकाणांना समास ठेवला होता.

भोजनाला एवढं मोठं पान कशाला, तर आमच्या गळ्यात तुळशीची माळ. माझ्या गळ्यात मी घातलेली आणि कावेरीच्या गळ्यात मी घालायला लावलेली. मांसमच्छी वर्ज्य हे तर झालंच, पण मी त्यावर माझं एक कलम जोडलं होतं. ज्या चुलीवर मासा शिजतो, त्या चुलीवरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि सहलीला निवडलं कुठलं शहर, तर कलकत्ता! तिथं मासा शिजत नाही अशी चूल शोधायची म्हणजे वाळवंटात विहीर शोधायची. चौकशा करकरून मी दोनच ठिकाणं काढली. एक बडाबाजारातला मारवाड्यांचा बासा, म्हणजे त्यांची पंगतीची खानावळ, आमच्या धर्मशाळेच्या बोळातच. दुसरं भवानीपूरला एक गुजराती भोजनालय. ते फक्त संध्याकाळचं. सगळी सहल या दोन खुंट्यांना बांधलेली. मेट्रोनं जायचं, ट्रामनं यायचं, मधे जे दिसेल ते बघायचं. नाही दिसलं तर पांडुरंगाची इच्छा.

"ऊठ," मी म्हणालो. "बारा पंचवीसची मेट्रो मिळेल."

"उठते. पण एक सांगते." कावेरी बसूनच बोलली. "मला राणी नको, संग्रहालय नको, पूल नको. तुमची वही तुम्ही हवी तशी चालवा. गुरुवारी दुपारी फक्त शिखाकडं जेवायचं, तिनं पत्रातून बोलावलंय तसं. मी कलकत्त्याला त्याच्यासाठी आलेय."

चपलेचा अंगठा नीट केला.

शिखा मजुमदार. तिचा नवरा बँकेत. बदली होऊन कराडला आला तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून राहिला होता. चार वर्षं. पोरगी तेवीस-चोवीस वर्षांची, मराठीचा गंध नाही, आणि आल्या वर्षीच दिवस गेलेले. कावेरीनं तिला पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतपणातला शेक-शेगडी, सगळं आमच्या घरातून त्या घरात जायचं. त्या घरातून आमच्या घरात मात्र चार वर्षांत चहाचा एक कप आला नाही. शिखानं आणायचा प्रयत्न केला होता. पहिल्या दिवाळीला हातानं केलेली मिठाई ताटलीत घालून दारात उभी राहिली, आणि मी अत्यंत नम्रपणे, हात जोडून, माळेला बोट लावून तिला परत पाठवलं. नंतर तिनं कधी आणलं नाही. आमच्या रिकाम्या वाट्या घासूनपुसून परत द्यायची, तर आत साखर घालून द्यायची. रिकामं भांडं परत देऊ नये ही आपली रीत कावेरीनंच तिला शिकवलेली. त्या साखरेला मी हरकत घेतली नाही. साखर काही चुलीवर शिजत नाही. एवढा मी उदार!

आणि मी कोण? तर सप्ताहात पहिल्या रांगेत बसणारा. देव भुकेल्यापोटी गरीब भक्ताच्या दारी जातो आणि कण्या मागून मागून खातो, हा प्रसंग आमचे बुवा लावायला लागले, की मृदंगाच्या थापेबरोबर माझ्या डोळ्यांतून धारा. उपरणं पिळावं लागायचं. एकदा बुवा माझ्याकडं बोट करून म्हणाले होते, "भाव पाहावा तर दामूअण्णांचा!" त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पलीकडं शिखानं काय रांधलं होतं, देव जाणे.

तर त्या मंगळवारी बाशातली पंगत गाठली, जेवलो, आणि समोरच्या बूथवरून शिखाला फोन लावला. फोन तिनंच उचलला. पंधरा वर्षांत तिचं मराठी थोडं गंजलं होतं, पण माया तशीच.

"अण्णा! आलात? कावेरीदी कशी हाय? गुरुवारी जेवायला यायचं. बरोबर एक वाजता. मी सगळं ठरवलंय, तुम्ही काय बोलायचं नाय!"

कावेरी माझ्या कोपराला खेटून उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तिचा चेहरा असा झाला होता, की मी बघायला नको होतं. पण बघितला, आणि तरीही माझ्या तोंडातून निघून गेलं, "शिखा, अगं, गुरुवारी आमची एकादशी. निर्जळी. आम्ही दुपारी चारला नुसतं भेटायला येतो."

मग, "एकादशी? गुरुवारी? ... बरं अण्णा. या."

मी फोन ठेवला. कावेरी माझ्याकडं बघत होती.

"शनिवारी गाडीत बसून शेंगदाणे आणि खजूर कुणी खाल्ले?" तिनं विचारलं.

"कावेरी, तू समजून घे—"

"आठवड्यात दोन एकादश्या येतात होय? पंचांग बदललं वाटतं निवृत्तीनंतर."

"अगं, तिला सरळ नाही म्हणून दुखवण्यापेक्षा हे बरं."

"बुवांनी मासा खाऊ नका सांगितलं. भात खाऊ नका कधी सांगितलं?" ती म्हणाली. "आणि खोटं बोला, हे तर मी एकाही कीर्तनात ऐकलं नाही. का तेवढ्या वेळ मी वाती वळत होते?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलली. बुधवारी संध्याकाळी गंगेतून नावेनं पलीकडं जाताना पुलाच्या मागून भलामोठा चंद्र वर आला. मी सवयीनं म्हणून गेलो, "वा! पौर्णिमेचा चंद्र बघ कसा—" आणि जीभ चावली. कावेरी पाण्याकडं बघत म्हणाली, "एकादशीचा असेल."

गुरुवारी सकाळी अकराला मी बाशात पानावर बसलो. कावेरी बाहेरच थांबली.

"तू?"

"माझी एकादशी आहे," ती म्हणाली. "दोघांतल्या एकाचं तरी खरं व्हायला पाहिजे."

मी सहा पुऱ्या खाल्ल्या.

चारला बालीगंजला पोचलो. ट्राम चैत्राच्या उन्हात तापून निघाली होती. शिखानं दार उघडलं. अंगानं भरली होती, केसांत थोडी चांदी. आधी कावेरीच्या पाया पडली, मग तिच्या गळ्यातच पडली. दोघी बराच वेळ तशाच उभ्या. मी दाराच्या कडीकडं बघत राहिलो.

आतल्या खोलीत चटईवर तिची सासू बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले, हातात जपाची थैली. आणि गळ्यात दुपदरी तुळशीची माळ! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! परमुलखात आपला माणूस. मी दंडवत घातला. त्यांनी मला ‘बाबा’ म्हणून समोर बसवलं. शिखानं आमच्यासमोर खोबरं, केळी, पपईच्या फोडी आणून ठेवल्या. "निर्जळी हाय ते माहीत हाय अण्णा. पण घरात पाहुण्यापुढं काय तरी ठेवायला पाहिजे. दिवस मावळल्यावर घ्या."

आता त्या बाईंसारखा श्रोता समोर, गळ्यात माळ, आणि मी म्हणजे बोलून चालून पहिल्या रांगेतला. मला चेव आला. मोडक्यातोडक्या हिंदीत मी एकादशीचं माहात्म्य लावलं. अन्नाचा कण पोटात गेला तर काय दोष, नाही गेला तर काय पुण्य, दशमीच्या रात्रीपासून मन कसं शुद्ध ठेवावं, जिभेला कसं आवरावं. मधे हात वर करून एकदा ‘पांडुरंग, पांडुरंग’ असा गजरही केला. सकाळच्या पुऱ्यांची आंबट ढेकर वर येत होती, ती गजरात दाबली. बाई हात जोडून, डोळे मिटून ऐकत होत्या. भिंतीला टेकलेलं डोकं हळूहळू डोलत होतं.

दहा मिनिटं माझं निरूपण चाललं असेल. कावेरीनं शिखाला हळूच विचारलं, "आई फार थकल्यासारख्या दिसतात ग. ओठ बघ कसे सुकलेत. बरं नाही का?"

"बरं हाय. उपास हाय ना."

"कसला?"

"एकादशीचा." शिखा सरळपणे म्हणाली. "मी परवा मा-ला सांगितलं, अण्णांची गुरुवारी एकादशी. मा म्हणाल्या, कशी? बुधवारी पौर्णिमा, गुरुवारी एकादशी कशी? पंजिका, म्हंजे आमचं पंचांग, दोनदा काढून बघितली. मग म्हणाल्या, ते विठ्ठलाच्या मुलखातले वैष्णव. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. ते पाण्याशिवाय राहणार आणि मी घरात जेवणार, असं कसं? काल रात्रीपासून पाणी नाय घेतलं. मी म्हटलं, मा, तुमची गोळी असते सकाळची. नाय म्हणाल्या."

माझा हात गजरासाठी वर गेलेला होता. तो तसाच राहिला.

"आणि खरं सांगू कावेरीदी?" शिखा पुढं बोलत होती. "मला माहीत होतं, अण्णा माझ्या चुलीचं खाणार नाय. म्हणून तर मा रांधणार होत्या. त्यांची चूल वेगळी हाय, मागच्या गच्चीत. विधवा माणसाची चूल, तिथं मासा नाय, कांदा नाय, लसूण नाय. मी पण अंघोळ केल्याशिवाय तिथं जात नाय. आठ दिवसांपूर्वी दोन नवीन पितळ्या आणल्या, तुमच्यासाठी."

कावेरी माझ्याकडं बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि मला हातानं खूण केली. पुढं सांगा, असं.

आयुष्यात मी पुष्कळ वेळा रडलोय, पण ते सगळं मृदंगाच्या साथीनं. त्या दिवशी साथ नव्हती.

"शिखा," मी म्हणालो, "आईंना सांग. आज एकादशी नाही."

"म्हंजे?"

"नाही म्हणजे नाही. शनिवारी झाली. मी खोटं बोललो. तुझ्या घरी जेवायला लागू नये म्हणून."

शिखा माझ्याकडं बघतच राहिली. तिनं ते सासूला कसं सांगितलं मला कळलं नाही, पण दोनच वाक्यांत सांगितलं. बाईंनी मिटलेले डोळे उघडले. मला वाटलं आता थैलीसकट हात माझ्या थोबाडात बसणार. बसायला हवाच होता. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, बंगालीत, आणि तो मलाही कळला. "भात खाओ नि, बाबा?" भात नाही खाल्लास?

"पुऱ्या," मी म्हणालो. "सहा."

शिखानं डोळे पुसत सांगितलं, "त्या म्हणतात, पुरी म्हंजे जेवण नव्हे. भात पोटात नाय, म्हंजे माणूस उपाशी. आणि कावेरीदी?"

"ती सकाळपासून तशीच आहे. खरोखरची."

बाई काही तरी बोलल्या आणि पुन्हा भिंतीला टेकल्या.

"म्हणतात, एकादशी नसली तर माझा उपास पण नाय. पण दारात आलेला माणूस भाताशिवाय बसलाय, तोपर्यंत मी पाण्याला तोंड कसं लावू? त्या म्हणतात, मी चूल पेटवते, तुम्ही बसा."

"चूल पेटायला किती वेळ लागेल?"

"कोळशाची हाय अण्णा. आज पेटवलीच नाय. तास, सव्वा तास."

बाई खरंच उठायला लागल्या. हात टेकून अर्ध्या उठल्या आणि तोल जाऊन पुन्हा खाली बसल्या. शिखा धावली. इथं मला माझा मोठेपणा सांगायचा असता तर मी सांगितला असता, की मला अचानक साक्षात्कार झाला वगैरे. तसलं काही नाही. म्हातारी माणसं उन्हाळ्यात पाण्यावाचून कशी पटकन जातात, हे मी स्टँडवर दोनदा बघितलं होतं. मी भ्यालो.

"शिखा, तुझ्या चुलीवर काय आहे?"

"माझ्या?"

"भात आहे?"

"सकाळचा हाय. पण अण्णा, त्याच चुलीवर रुई मासा—"

"मासा झाकून ठेव. डाळ आहे?"

"हाय."

"मग वाढ. लवकर वाढ."

शिखा हलली नाही. ती कावेरीकडं बघत होती, मग माझ्या गळ्यातल्या माळेकडं. एवढी पंधरा-वीस वर्षं ज्या दारावर मी तिला हात जोडून उभं केलं होतं, ते दार मीच उघडतोय, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"वाढ की ग," कावेरी म्हणाली. "ऐकू येत नाही का अण्णांचं?"

शिखा आत पळाली. भांड्यांचा आवाज आला, काही तरी खाली पडलं, ती स्वतःशीच बंगालीत काही तरी पुटपुटली. दोन पितळ्या घेऊन आली. त्या नव्याच असाव्यात. पांढरा गार भात, वर पिवळी डाळ, कडेला लिंबाची फोड. घाईत डाळ पितळीच्या काठावरून चटईवर सांडली.

मी कालवला. पहिला घास उचलला, माळेला बोट लावायची सवय म्हणून डावा हात वर गेला, आणि मनात म्हणालो, पांडुरंगा, काय करायचं ते कर. घास गिळला. माळ काही तटकन तुटली नाही. आणखी एक खाल्ला. बाई डोळे न हलवता माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी तिसरा घास गिळल्यावर त्यांनी शिखापुढं हात केला. शिखानं तांब्या दिला. त्यांनी मान मागं करून वरून धार सोडली. गळ्याशी माळ वरखाली होत होती. अर्धा तांब्या रिकामा झाल्यावर थांबल्या, पदरानं तोंड टिपलं, आणि पुन्हा तांब्या वर केला. मी चौथा घास तोंडातच धरून बसलो होतो, तो तेव्हा खाली उतरला.

मग माझं लक्ष कावेरीकडं गेलं.

ती अजून जेवायला लागली नव्हती. पितळी मांडीजवळ ओढून, हात धुऊन, नुसती बसली होती. शिखा तिच्या समोर, डाव हातात घेऊन उकिडवी. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. कावेरीनं डाळीत बोट बुडवून बघितलं. मग सावकाश भात कालवला, लिंबू पिळलं, पहिला घास घेतला. चावला. थांबली. कपाळाला आठी घातली.

"शिखा."

"काय?"

"डाळीत साखर घातलीस?"

शिखाचा चेहरा उतरला. "घातली. इथं सगळे घालतात."

"डाळीत कुणी साखर घालतं का ग? चार वर्षं तुला काय शिकवलं मी?"

शिखा आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. डाव अजून हातातच. सासूबाई ‘काय झालं, काय झालं’ म्हणून बंगालीत विचारत होत्या, पण त्यांना सांगायला कुणाला शुद्ध नव्हती.

कावेरीनं पितळीतला शेवटचा घास चाटूनपुसून घेतला. रिकामी पितळी पुढं सरकवली.

"अगदी वाईट झालीय," ती म्हणाली. "वाढ अजून."